पीटीटी (बोलायचं बटण) दाबला की रेडिओ बंद पडतोय? पॉवर केबलच्या या चुका टाळा

नाशिकमध्ये पाऊस सुरू झाला की ओळखीच्या हॅम लोकांचे, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचे फोन येतात, की अरे रिसीव्ह एकदम मस्त चालतंय पण पीटीटी दाबला की डिस्प्ले मंद होतो नाहीतर सेट सरळ बंद पडून परत चालू होतो, फायनल (आउटपुटचे ट्रान्झिस्टर) गेले का? माझं उत्तर ठरलेलं असतं, सेट खोलू नको, आधी केबल बघ.

माझ्याबरोबरही हेच झालं होतं. मी सेट रिपेअरला दिला, तिथे पंधरा दिवस पडून राहिला आणि काहीच फॉल्ट न सापडता परत आला, कारण केबल घरीच होती ना! फॉल्ट तिच्या फ्यूज होल्डरमध्ये होता, आतली पत्ती हिरवी पडली होती.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पॉवर सप्लायच्या मीटरवर 13.8 व्होल्ट दिसलं की केबल ओके समजायचं. तो मीटर सप्लायच्या टोकाचा व्होल्टेज दाखवतो, सेटला काय पोचतंय ते नाही. शंभर वॅटचा एचएफ (शॉर्टवेव्ह) सेट रिसीव्हला साधारण एक अँपियर घेतो आणि फुल पॉवरला वीसच्या आसपास, म्हणून वायरमधला ड्रॉप रिसीव्हला जाणवतच नाही. अँटेनाच्या जागी डमी लोड (पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावा, एफएमवर काही न बोलता नुसता पीटीटी दाबून कॅरियर सोडा आणि मल्टिमीटरचे प्रोब सेटच्या मागच्या प्लगवर धरा. बऱ्याच सेटना 13.8 च्या 15 टक्के वरखाली चालतं, म्हणजे 11.7 च्या खाली गेलात की गडबड सुरू, ऑडिओ फाटतो, सीडब्ल्यूचा (मोर्सचा) टोन हलतो.

आता वायरचा हिशोब. घरच्या वायरिंगमधली उरलेली दीड स्क्वेअरची (दीड चौरस मिमी) वायर खूप जण लावतात. तीन मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन सहा मीटर झाली, वीस अँपियरला जवळपास 1.4 व्होल्ट तिथेच गेले. तेवढ्याच लांबीला सहा स्क्वेअर घेतली तर ड्रॉप साधारण 0.35 व्होल्टच होतो. आणि एमजी रोडला घ्या नाहीतर ऑनलाइन मागवा, वायर घेताना एक तार ब्लेडने खरवडून बघाच, आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियम आहे, जाड दिसते पण त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा रेझिस्टन्स दीडपटीच्या वर असतो.

फ्यूज होल्डरवर माझा सगळ्यात जास्त संशय असतो. कॉन्टॅक्टमध्ये फक्त 0.05 ओहम आला तरी वीस अँपियरला एक व्होल्ट जातो आणि वीस वॅट उष्णता त्या एवढ्याशा प्लॅस्टिकमध्ये तयार होते, म्हणजे छोटं सोल्डरिंग आयर्नच आत बसवल्यासारखं. ट्रान्समिट करून लगेच हात लावून बघा, गरम लागला तर बदला. नाहीतर ट्रान्समिट चालू असताना होल्डरच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज मोजा, एका मिनिटात कळतं. इगतपुरी, त्र्यंबककडे पावसात पोर्टेबल ऑपरेट करून आलात तर हे दर वेळी कराच. आणि फ्यूज उडतोय म्हणून मोठा फ्यूज किंवा तार लावायची नाही, प्लीज! फ्यूज वायर वाचवायला असतो, आणि तो बॅटरीच्या जवळच हवा, कारण मधे कुठे वायर घासून शॉर्ट झाली तर सेटजवळच्या फ्यूजचा काहीच उपयोग नाही.

अजून एक, स्क्रू टर्मिनलमध्ये वायरच्या टोकाला सोल्डर लावून घालू नका, सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू सरकतं आणि स्क्रू ढिला पडतो. नीट लग (धातूचं टोक) दाबून क्रिंप करा.

गाडीत पन्नास वॅटचा मोबाइल रेडिओ सेट सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालवू नका, ती वायरिंग तेवढ्या लोडची नसते, कसारा घाटात बोलता बोलता फ्यूज जाईल. पॉझिटिव्ह सरळ बॅटरीवरून घ्या. नवीन गाड्यांमध्ये निगेटिव्ह पोस्टवर करंटचा सेन्सर बसवलेला असतो, तिथे सेटची निगेटिव्ह पोस्टला न लावता बॉडीच्या अर्थ पॉइंटला लावा.

केबल नव्याने बनवली की सेटला जोडण्याआधी मीटरने पोलॅरिटी बघा, रंगावर जाऊ नका, एका मित्राने अंधारात लाल-काळी उलटी जोडली तर फ्यूज गेला आणि आतला प्रोटेक्शन डायोडही गेला.