विहिरीच्या पाण्याचे समीकरण: दुर्बल उकल अस्तित्वात आहे हे कसे सिद्ध करावे

मराठवाड्यातील विहिरींना बरेचसे पाणी मुरमातून आणि झिजलेल्या बेसॉल्टमधून मिळते. या थरातील पाण्याची उंची ह मानली, तळ सपाट धरला आणि स्थिरांक एककांत सामावून घेतले, तर बूसिनेस्क यांच्या नावाचे अरैखिक समीकरण मिळते: ह चा कालसापेक्ष अवकलज हा ह² च्या लाप्लासियनइतका (म्हणजे प्रत्येक दिशेतील दुसऱ्या अवकलजांच्या बेरजेइतका) असतो. भेगाळ कातळाला ते ओढूनताणूनच लागू पडते, पण गणिताच्या विद्यार्थ्याला त्याइतके चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

अडचण कोरड्या भागात येते. ह² चा अवकलज म्हणजे २ह गुणिले ह चा अवकलज, म्हणून ह शून्य झाला की विसरणाचा (पाणी पसरण्याचा) गुणांक २ह हाही शून्य होतो. बारेनब्लाट यांनी १९५२ मध्ये दिलेली उकल एका मितीत पाहिली, तर आलेख उलट्या पॅराबोलाचा असून तो शून्याला टेकतो तेथे कोपरा पडतो आणि नेहमीचा अवकलज मिळत नाही. म्हणून समीकरणाला काठावर आणि अंतिम क्षणी शून्य होणाऱ्या गुळगुळीत चाचणी फलनाने गुणून समाकल घ्यावा आणि ह वरील कालावकलज व ह² वरील एक अवकलज त्या फलनाकडे सरकवावा. हे समाकल-समीकरण पाळणारे फलन म्हणजे दुर्बल उकल.

आता सुरुवातीची उंची मर्यादित, सलग, ऋण नसलेली आणि काठावर शून्य आहे असे धरून तिच्यात व काठावरील मूल्यात १/न मिळवावे; येथे न ही १, २, ३… अशी वाढत जाणारी संख्या. महत्तम तत्त्वामुळे (उकलीची टोकाची मूल्ये सुरुवातीला किंवा काठावरच येतात) उकल १/न च्या खाली जात नाही, त्यामुळे नेहमीच्या सिद्धांतातून गुळगुळीत उकल हन मिळते. मग समीकरणाला (हन² − १/न²) ने गुणावे. हे फलन काठावर शून्य असल्याने हन² च्या ग्रेडियंटच्या (सर्व दिशांतील पहिल्या अवकलजांच्या सदिशाच्या) वर्गाच्या समाकलाला न वर अवलंबून नसलेली मर्यादा मिळते.

खरी कसोटी न अनंताकडे नेऊन सीमा घेताना लागते. केवळ दुर्बल अभिसरण, म्हणजे चाचणी फलनाने गुणून घेतलेल्या समाकलांचे अभिसरण, येथे पुरत नाही: साइन(न·क्ष) दुर्बल अर्थाने शून्याकडे जाते, पण त्याचा वर्ग १/२ कडे जातो. सुदैवाने तुलना-तत्त्वानुसार (सुरुवातीला व काठावर जी उकल खाली, ती पुढेही खालीच) न वाढला की हन घटत जातो, म्हणून तो प्रत्येक बिंदूवर अभिसारी होतो, वर्गही त्याच्यामागे जातो आणि ग्रेडियंटची दुर्बल सीमा ह² चाच ग्रेडियंट ठरते. एका मितीतील अस्तित्व व एकमेवता ओलेइनिक आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये सिद्ध केली.

समीकरणात पावसाचा मर्यादित भर घातला तरी हीच वाट चालते. पंपाचा उपसा घातल्यास मात्र १/न ची खालची मर्यादा ढासळते आणि ह ऋण होत नाही हे वेगळे सिद्ध करावे लागते.