जीवशास्त्राची उजळणी करताय? आधी या चुका टाळा

उजळणीला बसलेला विद्यार्थी लांबूनही ओळखू येतो. पुस्तक उघडं, हातात मार्कर आणि निम्मं पान पिवळंधमक. काय झालं विचारलं, तर "पेशी झाली." झाली म्हणजे काय, तर 'तंतुकणिका हे पेशीचं ऊर्जाकेंद्र' हे वाक्य आणखी एकदा डोळ्यांखालून गेलं. ते वाक्य सगळ्यांनाच येतं. वनस्पतीच्या पेशीत तंतुकणिका असतात का, एवढंच पुढे विचारलं की शांतता. शब्द ओळखीचा वाटतो, म्हणून गोष्टही कळली असं वाटतं. बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात.

त्यातला सगळ्यात चिवट घोटाळा: झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन. मी ही चूक स्वतः फळ्यावर लिहिली आहे. शिकवायला नुकती सुरुवात केली होती. दोन रकाने आखले, एकावर सूर्य काढला, दुसऱ्यावर चंद्र. चित्र सुबक आलं होतं, मी खूश. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, मुळांना तर कायमच रात्र. मग ती दिवसा काय करतात?" मी "छान प्रश्न आहे, उद्या बघू" म्हणून वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी फळ्यावरचा चंद्र पुसावा लागला, तोही सगळ्यांसमोर.

श्वसन चोवीस तास चालतं: मुळात, खोडात, पानात, भर उन्हातसुद्धा. ग्लुकोजचं विघटन करून एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) मिळवल्याशिवाय पेशीचं भागत नाही. उन्हात पानातलं प्रकाशसंश्लेषण इतकं जोरात असतं की श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड तिथल्या तिथे वापरला जातो आणि वर ऑक्सिजन उरतो. म्हणून दिवसाचं श्वसन दिसत नाही, एवढंच. कुंडीत पाणी साचून राहिलं तर झाड का मरतं, याचं उत्तरही इथेच आहे. मातीच्या कणांमधली हवा जाते आणि मुळांना ऑक्सिजन मिळेनासा होतो.

थोडा दोष शब्दांचाही आहे. श्वसन आणि श्वासोच्छ्वास हे कानाला भाऊभाऊ वाटतात. छाती वरखाली होते तो श्वासोच्छ्वास. पेशीच्या आत अन्नातून ऊर्जा काढली जाते ते श्वसन. गोंधळ झाला की मी स्वतःला एकच विचारतो: या पेशीत तंतुकणिका आहेत का? असतील तर ती ऑक्सिजन वापरणार, मग बाहेर ऊन असो की अंधार. (आपल्या परिपक्व तांबड्या रक्तपेशीत त्या नसतात. बिचारी सगळ्यांना ऑक्सिजन पोचवते, स्वतः मात्र वापरत नाही.)

याच चुकीची धाकटी बहीण म्हणजे 'झाड माती खाऊन वाढतं'. व्हॅन हेल्माँट या सतराव्या शतकातल्या शास्त्रज्ञाने विलोचं 5 पौंडांचं रोप कुंडीत लावून 5 वर्षं फक्त पाणी घातलं. झाड 169 पौंडांचं झालं, माती घटली जेमतेम 2 औंस. हे 1648 मध्ये छापून आलं. झाड पाण्यातूनच बनलं, असा निष्कर्ष त्याने काढला. तोही अर्धवटच, कारण झाडातला कार्बन हवेतून येतो.

दुसरी माझी दुखरी नस म्हणजे गुणसूत्रांची मोजदाद. सूत्री विभाजन (एका पेशीच्या दोन सारख्या पेशी) आणि अर्धसूत्री विभाजन (मायोसिस, ज्यात गुणसूत्रं निम्मी होतात) यांच्या अवस्थांची नावं धडाधड म्हणणारी मुलं 'विभाजनापूर्वी डीएनए दुप्पट झाला, आता माणसाच्या पेशीत गुणसूत्रं किती?' याला बिनदिक्कत 92 सांगतात. उत्तर 46 आहे. गुणसूत्रं मोजताना गुणसूत्रबिंदू मोजायचे, दांडे नाहीत. दुप्पट झालेल्या गुणसूत्राच्या दोन्ही अर्धगुणसूत्रांना तो बिंदू बांधून ठेवतो, तोवर ते एकच. पश्चावस्था या विभाजनाच्या टप्प्यात ती अर्धगुणसूत्रं सुटली की क्षणभर खरंच 92 होतात.

आणि अर्धसूत्री विभाजनात संख्या निम्मी होते ती पहिल्या फेरीत. समजात जोड्या (एक गुणसूत्र आईकडचं, एक वडिलांकडचं) तिथेच फुटतात, 46 ची 23 होतात. दुसरी फेरी जवळपास सूत्री विभाजनासारखीच. हे वाचून डोक्यात बसत नाही, बसलेलं मी तरी पाहिलेलं नाही. दोन रंगांची लोकर घ्या, प्रत्येक रंगाचा एक लांब आणि एक आखूड तुकडा कापा, प्रत्येकाची जुळी प्रत गाठीने बांधा आणि टेबलावर स्वतःच्या हाताने वाटणी करा. अर्धा तास जातो. 'पाच मिनिटांत मायोसिस' छापाचे व्हिडिओ दहा वेळा पाहणाऱ्यांना हा अर्धा तास फार वाटतो, याची मला गंमत वाटते.

बाकीच्या चुका भराभर सांगतो. 'धमनीत शुद्ध रक्त' हे वाक्य वहीतून खोडा. हृदयापासून दूर नेते ती धमनी. फुप्फुस धमनीत ऑक्सिजन कमी असलेलंच रक्त असतं, आणि त्यात 'अशुद्ध' असं काही नसतं. परासरणात, म्हणजे पेशीच्या पडद्यातून पाणी झिरपताना, ते विरल द्रावणाकडून संहत द्रावणाकडे जातं. उलट वाटलं तर मिठात ठेवलेली काकडी आठवा. विष्ठा टाकणं म्हणजे उत्सर्जन नव्हे, कारण न पचलेलं अन्न पेशींपर्यंत पोचलेलंच नसतं. युरिया बाहेर टाकणं हे उत्सर्जन. जिराफाने ताणून मान लांब केली नाही.

'प्रभावी' म्हणजे जास्त आढळणारा, हीसुद्धा शब्दाने केलेली फसगत. हाताला सहावं बोट देणारं जनुक बऱ्याचदा प्रभावी असतं, तरी बहुतेकांना बोटं पाचच. तसंच 3:1 चं, म्हणजे तीन निरोगी आणि एक बाधित या प्रमाणाचं. दोन्ही पालक वाहक (स्वतः निरोगी, पण दोषी जनुक बाळगणारे) असतील तर चार मुलांत नेमकं एकच बाधित निघण्याची शक्यता सुमारे 42 टक्केच आहे. आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेललाही गोल आणि सुरकुतलेले वाटाणे 5474 आणि 1850 मिळाले. ते 3:1 च्या जवळ गेले, कारण त्याने हजारोंनी मोजले.

परीक्षेच्या आदल्या रात्री "सर, काहीतरी झटपट सांगा" म्हणणाऱ्याला मी कोरा कागद देतो. पायाच्या अंगठ्यातली एक रक्तपेशी, तिला फिरवून परत त्याच अंगठ्यात आणायची, वाटेतला प्रत्येक कप्पा आणि झडप लिहायची. पुस्तक बंद. पहिल्या खेपेला बरेच जण फुप्फुसं विसरतात.