ॲनाटॉमी-फिजिओलॉजीचा ऑनलाईन कोर्स, मराठी मिडियमवाल्यांनी कसा करायचा

मी जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे, गाव उदगीरजवळ. ॲडमिशनच्या आधी चार महिने रिकामे होते तवा मी ॲनाटॉमी (शरीराची रचना) आणि फिजिओलॉजीचा (शरीर काम कसं करतं त्याचा) बेसिक कोर्स मोबाईलवरच केला, आणि आता गावातल्या पोरी रोज विचारायलेत की ताई कसा केला, आम्हाला झेपंल का, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते.

पहिली गोष्ट म्हणजे या कोर्सनं कुणी नर्स होत नाही. त्याच्या सर्टिफिकेटवर रजिस्ट्रेशन मिळत नाही, त्याला कॉलेजच करावं लागतं. कुणी तसं सांगून पैसे मागत असंल तर देऊ नका. पण नर्सिंग, फार्मसी, डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा), फिजिओ कशालाही गेलात तरी पहिल्याच वर्षी हा विषय समोर येतो, आणि तो आधी कानावरून गेलेला असला की वर्गात लई फरक पडतो.

शोधायला स्वयम पोर्टलपासून सुरुवात करा. सरकारी आहे, शिकायला फुकट आहे, कोर्स साधारण जानेवारी आणि जुलैला चालू होतात. नाव बघून घेऊ नका, सिलॅबस उघडून बघा, पेशी आणि टिश्यूपासून (टिश्यू म्हणजे एकसारख्या पेशींचा समूह) हाडं, स्नायू, मेंदू, हार्मोन, हृदय, फुप्फुस, किडनी हे सगळं आहे का आणि दर आठवड्याला टेस्ट आहे का. वाचायला ओपनस्टॅक्स नावाच्या संस्थेचं ॲनाटॉमीचं पुस्तक नेटवर फुकट आहे, २८ चॅप्टर, इंग्रजीत आहे पण आकृत्या चांगल्या. पीडीएफ जड आहे, कुणाच्या तरी वायफायवरच घ्या. आणि व्हिडिओ रात्री डाउनलोड करून ठेवा, दिवसा लाईटचा काही भरवसा नाही.

माझी पहिली चूक सांगते. तीन आठवडे मी नुसते व्हिडिओ बघितले, बघताना सगळं कळायलंय असं वाटायचं, आणि पहिल्या टेस्टला २० पैकी ६. मग सरांचा व्हिडिओ दहा मिनिटाला थांबवायचा, वही उघडायची आणि न बघता आकृती काढायची असं सुरू केलं. वेळ दुप्पट लागतो, पण ध्यानात राहायचं ते तिथूनच राहिलं.

आता शब्दांचं. मराठी मिडियमच्या पोरींना विषयापेक्षा शब्दच आडवे येतात, आणि गंमत म्हणजे आपलेच मराठी शब्द जास्त फसवतात. आपण 'नस दबली' म्हणतो तवा ती नर्व्ह असते, आणि 'सलाईनला नस सापडंना' म्हणतो तवा ती व्हेन. दोन्ही एकदम वेगळ्या, एकीतून संदेश जातो आणि दुसरीतून रक्त. तसंच काळीज. बोलताना काळीज म्हणजे हृदय, पण मटणाच्या दुकानात काळीज मागितलं तर लिव्हर मिळतं. वहीच्या मागच्या पानावर असे जोडशब्द लिहीत जा. अजून एक, इलियम नावाच्या दोन गोष्टी आहेत, एक लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि एक कमरेचं हाड, देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. इंग्रजी स्पेलिंगमध्ये तिसरं अक्षर 'ई' असलं की आतडं, 'आय' असलं की हाड. आणि आकृतीतला डावा हात म्हणजे त्या माणसाचा डावा, आपल्याला स्क्रीनवर तो उजवीकडं दिसतो. हे पहिल्या दिवशीच डोक्यात बसवा.

पाठांतर कमी करा आणि स्वतःच्या अंगावर हात ठेवून शिका. अंगठ्याच्या बाजूचं हाड रेडियस, करंगळीच्या बाजूचं अल्ना, बोट फिरवत फिरवत नाव घ्यायचं. नाडी बघताना पहिलं आणि मधलं बोट ठेवा, अंगठा नको, अंगठ्याचीच नाडी लागते. माझी बसून ७४ भरली, आणि हापशावरून घागर आणल्या आणल्या ११२. पायाच्या स्नायूंना ऑक्सिजन जास्त लागला, म्हणून हृदयानं वेग वाढवला, एवढं स्वतःच्या मनगटावर कळलं की चॅप्टर सोपा जातो.

आकडे पण घरातल्या भांड्यांत मोजा. हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिली रक्त ढकलतं, मिनिटाला ७२ ठोके धरले तर ५ लिटरच्या आसपास. म्हणजे १५ लिटरची घागर तीन मिनिटात भरंल, आणि हे झोपेत पण चालूच. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळतात, टँकरचं पाणी भरायला आपण दारात जो २०० लिटरचा निळा ड्रम ठेवतो तो जवळजवळ भरला. त्यातलं दीड लिटरच्या आसपास बाहेर जातं, बाकीचं सगळं शरीर परत ओढून घेतं. मे महिन्यात दुपारी लघवी कमी आणि गडद पिवळी होते ती यामुळंच, घामातून पाणी गेलं की एडीएच नावाचं हार्मोन वाढतं आणि किडनी अजून पाणी राखून ठेवते. आपल्या भागातल्या पोरींना ही पाणी राखून ठेवायची गोष्ट वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

हृदयाच्या चॅप्टरला मी एक केलं ते तुम्ही पण करा, मटण खात असाल तर. दुकानात बकऱ्याचं 'दिल' मागा आणि कापू नका, वरच्या नळ्यांसकट अख्खं द्या म्हणून सांगा. घरी धुवून दोन्ही बाजू दाबून बघा, एक बाजू मऊ लागते आणि एक टणक. टणक ती डावी, कारण तिला रक्त अख्ख्या अंगाला पाठवायचं असतं, उजवीला फक्त शेजारच्या फुप्फुसापर्यंत. मग टोकापासून वरपर्यंत उभं कापा. आत चार कप्पे, आपल्यासारखेच, आणि झडपांना खालून धरून ठेवणारे पांढरे दोरे दिसतात, शिवायच्या दोऱ्यासारखे बारीक, पण बोटानं ओढले तर तुटंनात. झडप उलटी होऊ नये म्हणून ते दोरे. मी ओट्यावर उभं राहून अर्धा तास बघत होते, आई ओरडायली होती की फोडणी जळायली. सुरी आणि हात नंतर साबणानं धुवा.

पेशी आणि टिश्यूचा भाग कंटाळवाणा वाटंल, तरी चार टिश्यू नीट करा, पुढं सगळीकडं तेच येतात. रोज एक तास पुरे, पण रोज.

शेवटी परीक्षा. स्वयमवर कोर्सला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला असं होत नाही, तो वेगळा, त्याची फी वेगळी आणि तारीख पण वेगळी. माझ्यासोबतच्या एका पोरीनं सगळ्या असाइनमेंट दिल्या आणि हा फॉर्मच राहिला, सर्टिफिकेट गेलं. परीक्षा सेंटरवर जाऊन द्यावी लागते, म्हणून फॉर्म भरताना कोणती गावं दिसतात बघा आणि सकाळच्या एसटीनं वेळेत पोहोचता येईल तेच सेंटर टाका, आणि आधार कार्ड आदल्या रात्रीच बॅगेत ठेवा.