स्वादुपिंडाच्या एन्झाईम कॅप्सूल: जेवणाआधी नाही, जेवणानंतर नाही, जेवतानाच

क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाची जुनाट सूज) असेल, स्वादुपिंडाचं ऑपरेशन झालं असेल किंवा सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार असेल तर डॉक्टर अन्न पचवणाऱ्या एन्झाईमच्या कॅप्सूल लिहून देतात, आणि मेडिकलवाला सवयीप्रमाणे पुडीवर १-१-१ लिहून "जेवणानंतर घ्या काका" म्हणून मोकळा होतो. घोळ तिथूनच सुरू होतो. मग महिनाभर औषध घेऊनही संडासला तसंच चिकट, फिकट, तेलकट होतं, वास जात नाही, वजन उतरतच राहतं आणि घरचे म्हणतात एवढं महागाचं औषध पण गुण नाही.

ही रक्तात जाऊन काम करणारी गोळी नाहीये. स्वादुपिंड जे लायपेज, अमायलेज आणि प्रोटीएज स्वतः सोडतं तेच बाहेरून द्यायचं असतं, आणि त्यातलं फॅट पचवणारं लायपेज सगळ्यात महत्त्वाचं. अन्न पुढे सरकून गेल्यावर कॅप्सूल पोहोचली तर ती पचवणार काय? दोघं एकत्रच पोटात पाहिजेत.

आधी पाकिटावरचा आकडा वाचा

क्रेऑन असो किंवा दुसरा ब्रँड, नावापुढे १०,०००, २५,००० किंवा ४०,००० असं लिहिलेलं असतं, ते लायपेजचे युनिट. मोठ्या माणसाला साधारण मुख्य जेवणाला ४० ते ५० हजार आणि मधल्या खाण्याला त्याच्या निम्मे इथून सुरुवात करतात, मग गरजेप्रमाणे डॉक्टर वाढवतात. म्हणजे १०,००० ची एकच कॅप्सूल जेवणाला चालू असेल आणि फरक पडत नसेल तर औषधाला नावं ठेवण्याआधी हा आकडा डॉक्टरांना दाखवा. वरची मर्यादा पण असते, दिवसाला किलोमागे १०,००० युनिट, ६० किलोच्या माणसाला ६ लाख. लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो, तिथे अंदाजाने काहीही करायचं नाही, फार जास्त डोसने मोठं आतडं आकसल्याच्या केसेस सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलांमध्ये झालेल्या आहेत.

घ्यायची कशी

पहिल्या घासाबरोबर. दोन कॅप्सूल असतील तर एक सुरुवातीला, एक जेवणाच्या मध्यावर. लग्नाच्या पंगतीत तर हे हमखास करा, कारण तिथे मठ्ठा, भजी, मसालेभात, मग आग्रहाची जिलबी असं तासभर चालतं आणि पहिल्या घासाची कॅप्सूल जिलबीपर्यंत पुरत नाही.

माठातल्या पाण्याबरोबर गिळा, वाफाळत्या चहाबरोबर नको, उष्णतेने एन्झाईम मरतात. चावायची नाही, कुटायची नाही, तोंडात धरून ठेवायची नाही, नाहीतर तोंडात फोड येतात. आतल्या बारीक दाण्यांवर ॲसिडला न विरघळणारं कोटिंग असतं, ते पोटातून सुखरूप निघून लहान आतड्यात पीएच ५.५ च्या वर गेला, म्हणजे ॲसिडपणा कमी झाला, की सुटतं. गिळायला जमत नसेल तर कॅप्सूल उघडून दाणे गार सफरचंदाच्या गरावर टाकून लगेच गिळून टाका आणि वर पाणी प्या. खीर, दूध किंवा गरम वरणभातात मिसळलंत तर कोटिंग आधीच सुटतं आणि मग पोटातलं ॲसिड एन्झाईमची वाट लावतं.

कुठल्या खाण्याला लागते? साधं फळ, कोरा चहा, सरबत याला नाही. अमृततुल्यचा छोटा कप चहाही बहुतेकांना चालून जातो. पण मस्तानी, वडापाव, तर्री मारलेली मिसळ, मूठभर बाकरवडी, या सगळ्याला पाहिजेच. आणि उपवास! "आज उपवास आहे म्हणून गोळी नाही घेतली" असं सांगणारे खूप असतात, आणि ताटात काय, तर तुपातली साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट. त्या दिवशी तर नेहमीपेक्षा जास्त फॅट पोटात जातं.

जेवताना मध्येच आठवलं तर तेव्हाच घ्या. जेवून बराच वेळ झाला असेल तर सोडून द्या, पुढच्या जेवणाला डबल नाही करायचं.

पुण्याचा मे महिना आणि गाडीची डिकी

पाकिटावर साठवायचं तापमान असतं, बहुतेकांवर २५ डिग्रीच्या खाली. इथे एप्रिल-मेमध्ये पारा ४० ला टेकतो, तेव्हा स्कूटरच्या डिकीत किंवा गॅसजवळच्या फडताळात डबी ठेवू नका. घरातल्या सगळ्यात गार खोलीत ठेवा, उन्हाळ्यात तीन महिन्यांचा स्टॉक एकदम आणू नका, ऑफिसला जाताना त्या दिवसापुरत्याच बरोबर घ्या.

शाकाहारी घरांसाठी

या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवतात. हे पेशंटपासून लपवून ठेवणं मला अजिबात पटत नाही, त्याला सांगा आणि त्यालाच ठरवू द्या. पण पर्याय म्हणून पपईच्या एन्झाईमवाल्या पाचक गोळ्या सुरू करू नका, पपईतलं पपेन प्रोटीन तोडतं, फॅटला हात लावत नाही. नको वाटत असेल तर गुपचूप बंद न करता डॉक्टरांशी उघड बोला.

तरी फरक नाही पडला तर

आधी वर सांगितलेल्या गोष्टी तपासा, वेळ, डोस, साठवण. ते सगळं बरोबर असेल तर डॉक्टर कधीकधी ॲसिड कमी करणारी गोळी जोडतात, कारण फार ॲसिडमध्ये कोटिंग आतड्यातही वेळेवर सुटत नाही. आतड्यात जंतू वाढलेत का तेही बघतात. स्टूल इलास्टेजची, म्हणजे संडासातलं स्वादुपिंडाचं एक एन्झाईम मोजणारी टेस्ट पुन्हापुन्हा करून औषध लागू पडतंय का हे कळत नाही, कारण ती फक्त माणसाचं स्वतःचं इलास्टेज मोजते, रिपोर्टवर ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमच्या खाली कमी आणि १०० च्या खाली फारच कमी. गुण बघायचा तो वजनकाट्यावर आणि संडासात.

तूप-तेल सगळं बंद करा हा जुना सल्ला अजून नातेवाईक देतात. आधीच वजन घटलेल्या माणसाचं फॅट तोडून काय मिळणार, त्यापेक्षा नीट डोस घेऊन नीट जेवा. दारू आणि तंबाखू मात्र खरंच बंद, सिगरेट धरून.

सुरुवातीला थोडं पोट दुखणं, मळमळ किंवा बद्धकोष्ठ होऊ शकतं, पाणी भरपूर प्या. पोटात जोराची कळ येऊन थांबतच नसेल किंवा पोट फुगून उलट्या होत असतील तर घरी वाट बघत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. डायबिटीस असेल तर शुगर जरा जास्त वेळा तपासा, कारण अन्न अंगी लागायला लागलं की ती वर जाऊ शकते आणि इन्सुलिन बदलावं लागतं. आणि फॉलोअपला जाताना ए, डी, ई, के व्हिटॅमिन आणि हाडांच्या घनतेची तपासणी कधी करायची हे तुम्हीच विचारा, ओपीडीच्या गर्दीत ते राहून जातं.