मूल घरी न बसवता उवा, खरूज, नायटा आवरण्याची न्यूयॉर्कची रीत (१९०२)

लोअर ईस्ट साइड या न्यूयॉर्कमधल्या स्थलांतरितांच्या गरीब वस्तीतल्या शाळांत डॉक्टरांची तपासणी १८९७ पासूनच होती. उवा, खरूज, नायटा दिसला की मुलाच्या हाती चिठ्ठी देऊन घरी धाडायचे. यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) किंवा इटालियन बोलणाऱ्या कित्येक आयांना त्या चिठ्ठीचा अर्थच लागत नसे. उपचार व्हायचा नाही, आणि शाळा सुटली की तेच मूल वर्गातल्या पोरांबरोबर रस्त्यावर खेळायचे. ऑक्टोबर १९०२ मध्ये हेन्री स्ट्रीट सेटलमेंट या वस्तीतल्या सेवाकेंद्राच्या संस्थापक लिलियन वॉल्ड यांनी तिथल्या परिचारिका लिना रॉजर्स यांना चार शाळांत कामाला दिले, तेव्हा हे चक्र तुटले.

तपासणी खिडकीच्या उजेडात करायची. मुले रांगेने येतात. प्रत्येकाने स्वतःच खालच्या पापण्या ओढायच्या, तोंड उघडायचे, हात दोन्ही बाजूंनी दाखवायचे. मुलींनी मानेवरचे केस उचलायचे. परिचारिकेने मुलाला हात लावायचा नाही, नाहीतर एकाची खरूज तिच्याच बोटांवरून दुसऱ्याकडे जाते. घसा पाहायला लाकडी पट्टी, एका मुलाला एकच, मग फेकायची. कार्डावर रोगाचे नाव न लिहिता ठरलेला आकडा लिहावा. ‘उवा’ हा शब्द वर्गात फुटला की ते पोर दुसऱ्या दिवशी येत नाही.

घशात करडा पापुद्रा, ताप, अंगावर पुरळ किंवा डांग्या खोकला असेल, तर मूल लगेच वेगळे काढून डॉक्टरकडे. खुपऱ्या (डोळ्यांचा संसर्गजन्य रोग) असतील तर दवाखान्यात उपचार चालू असल्याचा दाखला आणावा, मग वर्गात बसता येते. बाकीच्यांचे औषध शाळेतच.

उवांना रॉकेल आणि गोडे तेल समभाग. दुसऱ्या दिवशी लिटरभर पाण्यात चमचाभर पोटॅशियम कार्बोनेट घालून डोके धुवायचे, मग साबण. लिखा सोडवायला गरम व्हिनेगर. खरजेला हिरव्या साबणाच्या अर्काने घासून गंधकाचे मलम, अंगावरच्या नायट्याला तोच अर्क आणि वर कोलोडियनचा (वाळून पातळ पापुद्रा धरणाऱ्या द्रवाचा) थर, आलेल्या डोळ्यांना बोरिक पाणी. (यातले रॉकेल आज मुळीच वापरू नका, ते पेट घेते. आता डॉक्टर पर्मेथ्रिन देतात.)

एवढे करूनही खरूज परत येते, कारण मूल भावंडांबरोबर एकाच अंथरुणात झोपते. एकट्याला मलम चोळून काय होणार? म्हणून दुपारनंतर घरभेट. आईसमोर एकदा औषध लावून दाखवायचे, घरातल्या सगळ्यांना त्याच दिवशी लावायचे, कपडे नि चादरी उकळायच्या. उवांच्या लिखा आठवडाभराने फुटतात, म्हणून आठव्या-दहाव्या दिवशी डोके पुन्हा पाहायचे. हा फेरा चुकला की पहिल्या दिवसाची मेहनत पाण्यात जाते.

सप्टेंबर १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या शाळांतून १०,५६७ मुलांना घरी पाठवले होते. वर्षभराने, सप्टेंबर १९०३ मध्ये, तो आकडा १,१०१ वर आला.