ओव्हरक्लॉक ठेवून रोजची वीज कशी वाचवायची

ओव्हरक्लॉक केला, म्हणजे सीपीयू कंपनीने ठरवलेल्या स्पीडच्या वर चालवला, की वीज जास्त जाणारच असं बरेच जण धरून चालतात, पण पीसी दिवसातला बराच वेळ ब्राउझर, व्हिडिओ नाहीतर नुसता डेस्कटॉप दाखवत असतो आणि त्या वेळात सीपीयूचा स्पीड आणि व्होल्टेज खाली उतरतंय का, हे आधी बघायला हवं.

सगळी गोम व्होल्टेजमध्ये आहे. वीज क्लॉकच्या (म्हणजे सीपीयूच्या स्पीडच्या) प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा ४.५ गिगाहर्ट्झ १.२० व्होल्टवर चालत होतं आणि ४.८ साठी १.३५ द्यावे लागले, तर स्पीड वाढला जेमतेम ७ टक्के आणि लोडवरची वीज साधारण ३५ टक्के, शिवाय गरमी वेगळीच. म्हणून शेवटचे शंभर-दोनशे मेगाहर्ट्झ सरळ सोडून द्या, ते फक्त बेंचमार्कमध्ये दिसतात.

आता बायोस, म्हणजे पीसी चालू होताना उघडता येणारा मदरबोर्डचा सेटिंग मेनू. आधीच्या सेटिंगचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. व्होल्टेज फिक्स्ड ठेवू नका, ऑफसेट किंवा अ‍ॅडॅप्टिव्ह ठेवा, म्हणजे क्लॉक उतरला की व्होल्टेजपण उतरतं. जुन्या गाइडमध्ये स्पीडस्टेप (काम कमी असताना क्लॉक उतरवणारं सेटिंग) आणि सी-स्टेट्स (रिकाम्या कोअरना झोपवणाऱ्या पायऱ्या) बंद करायला सांगतात, ते अजिबात करू नका, कारण सी६ या गाढ झोपेच्या पायरीत रिकाम्या कोअरची वीज जवळपास तोडलीच जाते आणि आयडलची, म्हणजे पीसी नुसता चालू असतानाची, खरी बचत तिथेच होते.

एएमडीचा रायझन सीपीयू असेल तर सगळ्या कोअरना एकच मल्टिप्लायर (ठरावीक क्लॉक) लावण्यापेक्षा पीबीओ (सीपीयूला आपोआप जास्त बूस्ट घेऊ देणारं सेटिंग) आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रत्येक कोअरचं व्होल्टेज वेगवेगळं कमी करणारं सेटिंग) वापरा, माझ्या मते हाच सगळ्यात शहाणा रस्ता आहे. कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये निगेटिव्ह १० पासून सुरू करा, एक स्टेप म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट, मग हळूहळू खाली जा. चांगल्या बूस्ट होणाऱ्या कोअरना बहुतेक वेळा कमी निगेटिव्ह झेपतं. आणि इथे लोक फसतात ते असं, की सिनेबेंच (सगळ्या कोअरना कामाला लावणारी टेस्ट) तासभर छान चालतं आणि नंतर काहीच चालू नसताना पीसी आपोआप रीस्टार्ट होतो, कारण कमी लोडवर एखाद-दुसरा कोअर सगळ्यात वर बूस्ट मारतो आणि तिथे व्होल्टेज पुरत नाही. मग विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगरची (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुकांची नोंद) एंट्री दिसली की त्या कोअरचा आकडा दोन-तीनने वर, म्हणजे शून्याकडे, घ्या. टेस्ट करताना स्लीपमध्ये टाकून उठवून बघा, रात्रभर आयडल सोडून बघा.

विंडोजमध्ये पॉवर प्लॅन बॅलन्स्ड आणि मिनिमम प्रोसेसर स्टेट ५ टक्के, बस. हाय परफॉर्मन्समध्ये ते १०० असतं. अजून एक युक्ती, मॅक्सिमम ९९ टक्के केलेला वेगळा प्लॅन बनवा, बहुतेक मशीनवर त्याने टर्बो (आपोआप वर जाणारा स्पीड) बंद होतो, साध्या कामाला तेवढं पुरतं आणि फॅनपण शांत.

शेवटी एचडब्ल्यूइन्फो (HWiNFO, हार्डवेअरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून पाच मिनिटं काही न करता बसा आणि पॅकेज पॉवर, म्हणजे अख्खा सीपीयू किती वीज घेतोय ते, बघा. साधा क्लॉक नाही, इफेक्टिव्ह क्लॉक (झोपेचा वेळ धरून निघणारी सरासरी) बघा, झोपलेल्या कोअरचा साधा आकडा वरच दिसू शकतो. पोलिंगचा वेळ (दर किती वेळाने आकडे वाचायचे तो) थोडा वाढवा, नाहीतर हे सॉफ्टवेअरच कोअरना उठवत राहतं. तरीही आकडा खाली येत नसेल तर बायोसला हात लावण्याआधी टास्क मॅनेजर उघडा, लायटिंगचं सॉफ्टवेअर आणि गेम लाँचर बंद करा आणि परत मोजा.