मेडिकलच्या काउंटरवरच्या या चुका टाळा

दवा बाजारातून, म्हणजे औषधांच्या घाऊक बाजारातून, रोज माल उचलणारा मुलगा दोन-तीन महिन्यांत शेकडो ब्रँड तोंडपाठ करतो आणि त्याला वाटतं, आता आपल्याला सगळं येतं. धोका इथेच आहे. फार्मसी अ‍ॅक्ट, 1948 च्या कलम 42 प्रमाणे दुकानात चिठ्ठीवरचं औषध द्यायचं ते नोंदणीकृत फार्मासिस्टनेच. मदतनीसाने रॅकमधून काढावं, बिल करावं. पण फार्मासिस्टने पाहिल्याशिवाय पुडी गिऱ्हाइकाच्या हातात जाऊ नये. मालक जेवायला गेलाय, ही सबब चालत नाही.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ‘हे दुसऱ्या कंपनीचं घ्या, तेच आहे’. सॉल्ट, म्हणजे गोळीतलं मूळ औषध, एकच असलं तरी शेड्यूल एच, एच-1 आणि एक्स (चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी याद्या) यांतल्या औषधांत अशी अदलाबदल 1945 च्या औषध नियमांत बसत नाही. डॉक्टरांना फोन करा, चिठ्ठी बदलून आणायला सांगा.

जुन्या चिठ्ठीचं मात्र जपून. इंदूरला राजवाड्याजवळच्या दुकानात मी काम करत होतो, तेव्हा एक आजी आल्या. घडीवर फाटलेली चिठ्ठी, त्यावर आधीच दोन दुकानांचे शिक्के. “बाळा, नेहमीचीच झोपेची गोळी आहे, दहा दे.” अल्प्राझोलम! काउंटरवरच्या मुलाने पट्टीला कात्रीसुद्धा लावली होती. पुन्हा द्यायचं असं डॉक्टरांनी लिहिलेलं नसेल, तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच. पण आजींना नुसतं ‘नाही मिळणार’ म्हणून पाठवणंही चूकच. रोजची ही गोळी एकदम तुटली तर त्रास होतो, कधी झटकेही येतात. आम्ही आजींना बसवलं, पाणी दिलं आणि डॉक्टरांशी बोललो. संध्याकाळी त्या नवी चिठ्ठी घेऊन आल्या.

अल्प्राझोलम, सेफिक्झिम, टीबीची औषधं एच-1 मध्ये येतात. त्यांचं रजिस्टर वेगळं: डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. नोंद देतानाच करायची आणि तीन वर्षं जपायची. रात्री शटर ओढताना आठवून लिहिलेली पानं पाहणाऱ्याला लगेच कळतात, कारण सगळीकडे एकच पेन आणि एकच घाई असते.

पट्टी कापताना एक्सपायरी आणि बॅच नंबरचा तुकडा शेवटी विका. मुदत संपलेला माल दिसला की त्याच क्षणी वेगळ्या खोक्यात टाका आणि खोक्यावर ठळक लिहा, ‘विक्रीसाठी नाही’.